यंत्रमागाचा काउंटर, कारखान्याचं ऑफिस आणि दुकानाचं बिलिंग : तीन प्रोग्राम एकमेकांशी कसे जोडायचे?

चौकटी_टॉवेल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मांडणी अशी आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेल आणि चादरीचा कारखाना, चोवीस माग. प्रत्येक मागावर छोटा पीएलसी (यंत्रावर बसवायचा नियंत्रक संगणक), तो पिक, म्हणजे विणलेले आडवे धागे, मोजतो आणि मॉडबस टीसीपी या यंत्रांच्या नेटवर्क-भाषेत आकडा देतो. शेडमध्ये एक पीसी. त्याच आवारातल्या ऑफिसात लिनक्स सर्व्हर, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस. चाटी गल्लीत दुकान, दोन काउंटर, दोन्हीकडे विंडोजवर बिलिंग प्रोग्राम. हिशेब टॅलीत, तो ऑफिसातल्या वेगळ्या पीसीवर.

दुकानातलं बिल ऑफिसच्या साठ्यातून वजा व्हावं, मागाचं उत्पादन दर पाळीला दिसावं आणि संध्याकाळी विक्री टॅलीत जावी, एवढंच हवं आहे. प्रोग्राम लिहिणारी मुलं आपलीच आहेत. विचारायचं ते असं :

१. दुकानातून थेट पोस्टग्रेसला जोडलं तर चालेल का?
२. प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायच्या रेस्ट, जीआरपीसी, एमक्यूटीटी या पद्धतींपैकी काय घ्यावं?
३. इंटरनेटची लाइन गेली की काय होणार?
४. फिक्स आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) घ्यावाच लागतो का?

तारजोड

अण्णा, तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. त्याचं उत्तर ठरलं की पहिले दोन आपोआप सुटतात.

एकाच प्रोग्राममध्ये फंक्शन बोलावलं तर दोनच गोष्टी होतात : काम झालं किंवा एरर आली. नेटवर्कवरून बोलावलं की तिसरं उत्तर येतं : माहीत नाही. दुकानाने बिल पाठवलं, दहा सेकंद उत्तर नाही. आता तीन शक्यता आहेत. बिल ऑफिसपर्यंत पोचलंच नाही. पोचलं पण सर्व्हर मध्येच बंद पडला. किंवा बिल नोंदलं गेलं, साठा वजा झाला आणि फक्त "झालं" हे उत्तर वाटेत हरवलं. दुकानाच्या बाजूने तिन्ही अगदी एकसारख्या दिसतात. कुठलीही लायब्ररी, कुठलीही भाषा घ्या, हा फरक दुकानाला नुसत्या टाइमआउटवरून, म्हणजे ठरल्या वेळेत उत्तर न आल्यावरून, कळत नाही.

ही गोष्ट नवी नाही. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातल्या अँड्रू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी १९८४ साली रिमोट प्रोसिजर कॉलवर (दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन बोलावण्यावर) निबंध छापला, त्यातच हे लिहिलं आहे : कॉल नीट परत आला तर काम एकदाच झालं आहे, अपवाद (एरर) आला तर काम एकदा झालं असेल किंवा झालंच नसेल, यातलं कुठलं ते सांगता येत नाही. त्यानंतर याच कामासाठी कोर्बा आलं, डीकॉम आलं, सोप आलं, रेस्ट आलं. ही मेख तशीच राहिली.

म्हणून नियम एकच धरा. जो संदेश पाठवाल तो दोनदा पोचला तरी परिणाम एकदाच व्हायला हवा. हे जमलं की "माहीत नाही" आलं तर बिनधास्त पुन्हा पाठवता येतं. हे जमलं नसेल तर पुन्हा पाठवलं की बिल दोनदा, नाही पाठवलं की बिल गायब. मधली वाट नाही.

निळी_किनार

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नको. कारणं दोन.

एक, वेळ. आवारातल्या लॅनवर डेटाबेसला एक फेरी अर्ध्या मिलिसेकंदात होते. दुकानातून तीच फेरी २५ मिलिसेकंद धरा. अंतर पाच-सात किलोमीटरच असलं तरी दोन्हीकडे वेगळ्या कंपन्यांची लाइन असेल तर डेटाचं पाकीट मुंबईला जाऊनही परत येऊ शकतं. आता बिलात ६० ओळी, प्रत्येक ओळीला भाव, साठा आणि कर असे तीन प्रश्न. १८० फेऱ्या गुणिले २५, म्हणजे साडेचार सेकंद. प्रोग्राम ऑफिसात तपासताना झपकन चालतो आणि दुकानात रांगतो, त्याचं कारण हेच. लाइनचा वेग वाढवून यात काही सुधारत नाही, कारण खर्च बाइटचा नाही, फेऱ्यांचा आहे. अख्खं बिल एका विनंतीत पाठवा, अख्खं उत्तर एका वेळी घ्या.

दोन, टेबलांची रचना. दुकानातला प्रोग्राम थेट टेबलं वाचायला लागला की ऑफिसात कॉलमचं नाव बदललं तरी दुकान बंद पडतं. मध्ये सेवा ठेवली तर बाहेर दिसणारा करार तोच ठेवून आत हवं ते बदलता येतं.

आणि पोस्टग्रेसचा ५४३२ पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवायचा विचारसुद्धा करू नका.

चौकटी_टॉवेल

पटलं. पण तारजोड दादा, "दोनदा पोचलं तरी एकदाच" हे प्रत्यक्षात करायचं कसं? बिल नंबरच संदेश ओळखायची खूण म्हणून वापरला तर? आणि लाइन बंद असताना दुकानाला पुढचा बिल नंबर कोण देणार? आत्ता तो ऑफिस देतं.

तारजोड

नंबर ऑफिसने द्यायची गरजच नाही. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिल नंबर १६ अक्षरांच्या आत, क्रमाने आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. पण एकाहून जास्त मालिका चालतात. दोन्ही काउंटरना स्वतंत्र मालिका द्या. प्रत्येक काउंटर आपला नंबर आपणच वाढवेल, कोणाला विचारणार नाही.

खूण मात्र बिल नंबरपेक्षा वेगळी ठेवा. एकाच बिलावर पुढे रद्द, दुरुस्ती, परत माल असे अनेक संदेश जातात, प्रत्येकाला आपली खूण हवी. यूयूआयडी घ्या, म्हणजे प्रोग्रामने काढलेला, दुसरीकडे कुठे जुळणार नाही असा १२८ बिटांचा क्रमांक. तो पाठवण्याआधी तयार करून डिस्कवर लिहा. पाठवताना दर खेपेला नवा यूयूआयडी काढला तर सगळं मुसळ केरात, कारण सर्व्हरला ते दोन वेगळे संदेश वाटणार.

दुकानाच्या बाजूला : एसक्यूलाइटमध्ये (एका फाइलीत मावणारा छोटा डेटाबेस) दोन टेबलं, "बिलं" आणि "पाठवायचं". काउंटरवर "सेव्ह" दाबलं की एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही) दोन्हीकडे नोंद. छपाई लगेच. नेटवर्कला हात लावायचा नाही. वेगळा कामगार प्रोग्राम "पाठवायचं"मधली सर्वांत जुनी नोंद उचलतो, पाठवतो, "झालं" आलं की खूण करतो. छपाई आणि पाठवणं यांच्या मध्ये वीज गेली तरी काही बिघडत नाही, वीज आल्यावर कामगार तिथूनच पुढे चालतो. एसक्यूलाइटचं एक सेटिंग बघा : वॉल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याची पद्धत) सिंक्रोनस "नॉर्मल" ठेवलं तर वीज गेल्यावर शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात. फाइल खराब होत नाही, पण छापलेलं बिल वहीत नाही असं होईल. तिथे "फुल" ठेवा.

ऑफिसच्या बाजूला : "आलेले संदेश" हे टेबल, खुणेच्या कॉलमवर युनिक बंधन (तीच खूण दोनदा येऊ न देणारं). विनंती आली की ट्रान्झॅक्शन उघडा, आधी खूण घाला, मग बिल नोंदवा, साठा वजा करा, जे उत्तर देणार ते त्याच ओळीत लिहा, मग कमिट. खूण आधीच असेल तर काम करू नका, लिहून ठेवलेलं जुनं उत्तर जसंच्या तसंच परत द्या. "डुप्लिकेट" म्हणून एरर देऊ नका. दुकानाच्या दृष्टीने काम झालेलं आहे, त्याला "झालं" हेच ऐकायचं आहे.

दोन प्रती एकाच क्षणी आल्या तर? पोस्टग्रेसमध्ये दुसरी प्रत युनिक बंधनापाशी थांबून राहते. पहिली कमिट झाली की तिला "आधीच आहे" कळतं, पहिली रद्द झाली तर ती स्वतः पुढे जाते. म्हणून खूण घालणं आणि साठा वजा करणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये हवं. "आधी सिलेक्ट करून बघू, नसेल तर घालू" असं लिहिलं की या फटीतून दोन बिलं आत शिरतात, आणि तेही गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत, जेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसते.

खूण तीच पण आतला मजकूर वेगळा असेल तर मात्र ४२२ हा एचटीटीपीचा एरर कोड देऊन अडवा. तो प्रोग्रामचा दोष आहे, झाकू नका.

पाळी_दुसरी

मागाच्या बाजूचं मी सांगतो, तिथे वेगळी गोम आहे.

पहिलं म्हणजे मागावरून "इतके पिक वाढले" असं पाठवू नका, "आत्तापर्यंत एकूण इतके" असं पाठवा. वाढ पाठवली आणि एक संदेश हरवला की उत्पादन कमी, दोनदा आला की जास्त. एकूण आकडा दहादा आला तरी तोच असतो, मधले दोन हरवले तरी पुढचा सगळं भरून काढतो. तारजोड सरांचा नियम इथे फुकटात मिळतो.

दुसरं, मॉडबसचं रजिस्टर (आकडा ठेवायची जागा) १६ बिटांचं. ६५,५३५ नंतर शून्य. मिनिटाला २०० पिक धरले तर साडेपाच तासांत आकडा फिरतो, म्हणजे आठ तासांच्या एका पाळीतच. पीएलसीत ३२ बिटांचा काउंटर ठेवा, तो दोन शेजारच्या रजिस्टरमध्ये येतो. आता दोन गोष्टी सांभाळा.

दोन्ही रजिस्टर एकाच विनंतीत वाचा. वेगवेगळे वाचले तर मध्येच आकडा ६५,५३५ वरून ६५,५३६ होतो : आधी खालचा भाग ६५,५३५ वाचला, मग वरचा १ वाचला, जोडून १,३१,०७१. एका पिकाने आकडा दुप्पट.

आणि वरचा भाग आधी की खालचा, हे प्रत्येक पीएलसीत वेगळं असतं. एका रजिस्टरमधल्या दोन बाइटचा क्रम मॉडबसने ठरवून दिला आहे, मोठा बाइट आधी. पण दोन रजिस्टरमधला क्रम त्यात ठरलेला नाही. १,००,००० हा आकडा म्हणजे वरचा भाग १, खालचा ३४,४६४. उलटा वाचला तर २,२५,८६,३२,७०५ दिसतो. असा भलताच आकडा दिसला की नेटवर्ककडे बघू नका, क्रम बदला. मुद्दाम ६५,५३६ च्या वरचा आकडा पीएलसीत भरून तपासा.

पत्त्याचा घोळ तर सगळ्यांनाच नडतो. माहितीपत्रकात ४०००१ लिहिलेलं असतं, तारेवर तो पत्ता ० असतो. एकने चुकलं की शेजारच्या रजिस्टरचा आकडा येतो आणि तोही खराच वाटतो.

बाकी : पोर्ट ५०२. फंक्शन ०३ ने एका वेळी जास्तीत जास्त १२५ रजिस्टर. लहान पीएलसी एका वेळी मोजकीच कनेक्शन घेतात, म्हणून वाचणारा प्रोग्राम एकच ठेवा आणि बाकी सगळ्यांनी त्याच्याकडून घ्यावं. उत्तरातला ट्रान्झॅक्शन नंबर आपण पाठवलेल्याशी जुळतो का, तपासा. टाइमआउटनंतर उशिरा आलेलं जुनं उत्तर नव्या प्रश्नाचं म्हणून वाचलं जाऊ शकतं. मॉडबस १९७९ सालचं, मोडिकॉन कंपनीचं. साध्या मॉडबस टीसीपीत पासवर्ड नाही, काही नाही. जो पोचला तो रजिस्टरमध्ये लिहूही शकतो. मागांचं नेटवर्क वेगळ्या स्विचवर ठेवा, शेडच्या पीसीला दोन लॅन कार्ड घाला, ऑफिसच्या वाय-फायवरून माग दिसता कामा नये.

चौकटी_टॉवेल

पीएलसी बंद होऊन सुरू झाला की काउंटर शून्य झाला तर?

पाळी_दुसरी

काउंटर रिटेन्टिव्ह मेमरीत ठेवा, वीज गेली तरी राहतो. तरी पीएलसी बदलला की शून्य होणारच. म्हणून आकड्यासोबत "फेरी क्रमांक" पाठवा. नवा पीएलसी बसवला, काउंटर शून्य केला की फेरी एकने वाढवायची. ऑफिसचा नियम : फेरी तीच आणि आकडा कमी झाला तर नोंद घेऊ नका, मुकादमाच्या पडद्यावर लाल दाखवा. फेरी वाढली तर नव्याने मोजा. ३२ बिटांवर असाल तर आकडा फिरायला या वेगाने चाळीस वर्षं लागतील, तो विचार सोडा.

होटगी_रोड

रेस्ट-जीआरपीसीच्या वादात माझं मत. दुकान ते ऑफिस : साधं एचटीटीपीएस आणि जेसन (वाचता येईल अशा मजकुरात माहिती), म्हणजे रेस्ट. दिवसाला काही शे बिलं आहेत, लाखो नव्हेत. ब्राउझरमधून, कर्लमधून, कशातूनही तपासता येतं. रात्री आठला दुकानातून फोन आला तर नुसता लॉग वाचून कळतं. जीआरपीसी २०१५ पासून खुलं आहे, एचटीटीपी/२ वर चालतं, प्रोटोबफ या मांडणीमुळे संदेश आटोपशीर होतात, करार पक्का लिहिला जातो, डेडलाइन पुढच्या सेवेपर्यंत पोचवता येते. चांगलंच आहे. पण ते आपली जागा तिथे कमावतं जिथे दहा-वीस सेवा सतत एकमेकींशी बोलतात. इथे तीन आहेत.

शेड ते ऑफिस : एमक्यूटीटी. ते १९९९ साली तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहाच्या महागड्या दुव्यातून माहिती आणायला बनवलं गेलं, म्हणून तुटक्या लाइनवर टिकतं. ऑफिसच्या सर्व्हरवर मॉस्किटो ब्रोकर (संदेश घेऊन वाटणारा प्रोग्राम), पोर्ट १८८३, टीएलएस (सांकेतिक सुरक्षा) लावलं तर ८८८३. प्रत्येक मागाला वेगळा विषय आणि "रिटेन" चालू, म्हणजे नवा पडदा जोडला की शेवटचा आकडा लगेच मिळतो. "लास्ट विल" लावा : शेडचा पीसी अचानक मेला की ब्रोकर स्वतः "शेड बंद" असा संदेश देतो. कीप अलाइव्ह (शांत असतानाही "मी आहे" सांगायची मुदत) ६० सेकंद ठेवला तर ब्रोकर दीडपट, म्हणजे ९० सेकंद, वाट बघून निर्णय घेतो.

निळी_किनार

होटगी_रोड दादांशी सहमत, फक्त एक पुरवणी. एमक्यूटीटीत क्यूओएस २ (पोचवण्याच्या हमीची सर्वांत वरची पातळी) लावलं की "नक्की एकदाच", असं समजून खूण काढून टाकू नका. ती हमी पाठवणारा ते ब्रोकर आणि ब्रोकर ते घेणारा, एवढ्यापुरतीच असते. घेणाऱ्या प्रोग्रामने संदेश घेतला आणि पोस्टग्रेसमध्ये लिहिण्याआधी तो पडला, तर हमी पाळली गेली आणि नोंद गेली. क्यूओएस १ घ्या, दोनदा येऊ शकतो हे गृहीत धरा, पोस्टग्रेसमध्ये कमिट झाल्यावरच पोच द्या. बऱ्याच लायब्ऱ्या संदेश हातात देताच आपोआप पोच देतात; हाताने पोच द्यायचा पर्याय आहे का ते आधी बघा.

ज्वारी_भाकरी

चौथा प्रश्न कोणी घेतला नाही, मी घेतो.

दुकानाला फिक्स आयपी नको. ऑफिसलाही लागेलच असं नाही. आधी राउटरचा वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा. १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असेल तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सामायिक नॅटच्या (अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता) मागे आहात. मग राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केलं तरी बाहेरून कोणी आत येणार नाही, कारण अडवणारा राउटर तुमचा नाहीच. मोबाइल डेटावर तर हे सर्रास. अशा वेळी ऑफिसला सार्वजनिक आयपी मागून घ्या किंवा मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये छोटा सर्व्हर घेऊन दोन्ही बाजूंनी बाहेर जाणारं कनेक्शन त्याच्याशी करा. सोलापूर-मुंबई रस्त्याने साधारण ४०० किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ४ मिलिसेकंदांच्या खाली कोणीही नेऊ शकत नाही, प्रत्यक्षात त्याच्या काही पट धरा. बिलासाठी भरपूर झालं.

दुकान आणि ऑफिस यांच्यात वायरगार्ड (इंटरनेटवरून जाणारा बंदिस्त बोगदा, म्हणजे व्हीपीएन) लावा, यूडीपी ५१८२०. नॅटच्या मागच्या बाजूला "पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५" लिहा. नाहीतर दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसताना नॅटमधली नोंद पुसली जाते आणि ऑफिसकडून आलेलं पाकीट दारातच गळतं.

टीसीपीलाही हेच लागू आहे. कनेक्शन शांत पडून असताना मधल्या राउटरने नोंद पुसली तर दोन्ही टोकांना काहीच कळत नाही, दोघांनाही जोडलेलंच वाटतं. टीसीपीचा स्वतःचा कीपअलाइव्ह मुळात बंद असतो, आणि चालू केला तरी लिनक्सवर पहिली चाचपणी ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी. अशा मेलेल्या कनेक्शनवर लिनक्सने काही पाठवलं तर ते पंधरा मिनिटांच्या आसपास पुन्हा पुन्हा पाठवत बसतं आणि मग एरर देतं. "सकाळी पहिलं बिल अडकतं, प्रोग्राम बंद करून उघडला की जातं" ही तक्रार नव्वद टक्के वेळा इथून येते. कीपअलाइव्ह ६० सेकंदांवर आणा आणि प्रत्येक विनंतीला स्वतःचा टाइमआउट द्या.

आणखी एक लक्षण ओळखून ठेवा : लॉगिन होतं, छोटी बिलं जातात, मोठं बिल किंवा मालाची यादी मागितली की लटकतं. हा एमटीयूचा (एका पाकिटाच्या कमाल आकाराचा) प्रश्न. इथरनेटवर १,५०० बाइट, पीपीपीओई लाइनवर १,४९२, वायरगार्डच्या आत साधारण १,४२०. मोठं पाकीट वाटेत मावत नाही आणि "मावत नाही" हा निरोप कोणाच्या तरी फायरवॉलने अडवलेला असतो. पिंगला "तुकडे करू नको" हा पर्याय देऊन १,४६४ बाइटचं पाकीट पाठवून बघा, वर २८ बाइट शीर्षकांचे धरले की १,४९२ होतात. जात नसेल तर आकडा उतरवत जा आणि जिथे जाईल त्यात २८ मिळवून तेवढा एमटीयू बसवा.

चौकटी_टॉवेल

टाइमआउट किती ठेवायचा? आणि पुन्हा किती वेळाने?

तारजोड

आतून बाहेर वाढत जाऊ द्या. डेटाबेसच्या एका प्रश्नाला ३ सेकंद, ऑफिसच्या सेवेला ६, दुकानाच्या कामगाराला १०. उलटं ठेवलं तर दुकान कंटाळून दुसऱ्यांदा पाठवतं आणि ऑफिस अजून पहिल्याच प्रतीवर घाम गाळत असतं. कनेक्शन जोडायचा टाइमआउट वेगळा, ३ सेकंद. तो दिला नाही तर पलीकडून काहीच उत्तर नसताना विंडोज साधारण २१ सेकंद आणि लिनक्स दोन मिनिटांहून जास्त थांबतं.

पुन्हा पाठवणं : १, २, ४, ८ सेकंद असं दुप्पट करत जास्तीत जास्त ५ मिनिटांपर्यंत, आणि प्रत्येक वेळी त्यात थोडा यादृच्छिक फरक. तो फरक विसरू नका. एमआयडीसीत वीज आली की शेडचा पीसी, सर्व्हर, पडदे सगळे एकाच सेकंदाला उठतात आणि सगळे एकाच ठेक्यात सर्व्हरवर आदळत राहतात.

पुन्हा पाठवायचं कशाला, हेही ठरवा. टाइमआउट, तुटलेलं कनेक्शन किंवा "सध्या जमत नाही" सांगणारे ४२९, ५०२, ५०३, ५०४ हे कोड आले तर पाठवा. "विनंतीच चुकीची" सांगणारे ४००, ४२२ आले तर पाठवू नका. चुकीचं बिल शंभरदा पाठवून बरोबर होत नाही. ते "अडकलं" यादीत टाका, माणसाला दाखवा आणि रांग पुढे चालू द्या. नाहीतर एका बिघडलेल्या नोंदीमागे दिवसभराची बिलं खोळंबतात. फक्त त्याच बिलाचे पुढचे संदेश, म्हणजे रद्द किंवा दुरुस्ती, मात्र थांबवून ठेवा.

निळी_किनार

मराठी नावं वापरणार असाल तर बाइट आणि अक्षर यांत गल्लत करू नका. "चादर" हा शब्द युनिकोडमध्ये चार चिन्हांचा आहे : च, काना, द, र. यूटीएफ-८ (युनिकोड बाइटमध्ये लिहायची पद्धत) मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, एकूण १२. कंटेंट-लेंग्थमध्ये (मजकूर किती बाइटचा ते सांगणारी ओळ) ४ लिहिलं तर समोरचा चार बाइट वाचतो, म्हणजे "च" आणि कान्याचा एक तृतीयांश, आणि जेसन मोडलं म्हणून ४०० देतो. इंग्रजी नावांवर हा दोष कधीच दिसत नाही, पहिल्या मराठी नावाला दिसतो.

त्याहून लपून बसणारा दोष "ऱ" चा. "पांढऱ्या" मधला ऱ दोन प्रकारे लिहिता येतो : एकच चिन्ह किंवा र आणि त्याखाली नुक्ता. पडद्यावर दोन्ही सारखे, बाइट वेगळे. एका काउंटरवरच्या कीबोर्डने एक लिहिलं आणि दुसऱ्याने दुसरं, तर साठ्यात "पांढऱ्या किनारीचा टॉवेल" दोनदा दिसेल. आत घेताना सगळं एनएफसीत (युनिकोडच्या एकाच ठरलेल्या रूपात) आणा. मुळात मालाला कोड द्या आणि जुळणी कोडवरच करा.

रक्कम पैशात पूर्णांक म्हणून पाठवा. ४४९.५० रुपये म्हणजे ४४९५०. दशांशात पाठवलं की बेरजेत एका पैशाचा फरक निघतो आणि टॅलीत जुळवताना जीव जातो.

पाळी_दुसरी

कोणी कच्चा सॉकेट (एचटीटीपीशिवाय थेट टीसीपी) वापरत असेल तर हेही लक्षात ठेवा : टीसीपी म्हणजे बाइटचा प्रवाह, त्याला संदेशांच्या सीमा माहीत नसतात. एकदा पाठवलेलं दोन तुकड्यांत येतं, दोनदा पाठवलेलं एकत्र येतं. आधी चार बाइटमध्ये लांबी, मग मजकूर, आणि तेवढे बाइट होईपर्यंत वाचत राहणं. एकाच पीसीवर तपासताना नेहमी एकसंध आल्यासारखं वाटतं, त्याला भुलू नका.

होटगी_रोड

टॅलीबद्दल. टॅली स्वतः एचटीटीपीवर एक्सएमएल घेतं, नेहमीचा पोर्ट ९०००. कंपनी उघडलेली हवी. त्याला फक्त ऑफिसच्या लॅनवर ठेवा आणि त्याच्याशी बोलणारा कामगार एकच, एका वेळी एक व्हाउचर. उत्तर आलं म्हणजे नोंद झाली असं धरू नका. उत्तराच्या आत किती तयार झाले, किती बदलले, किती चुका हे आकडे असतात, ते वाचा. तयार १ आणि चुका ० असेल तरच आपल्या वहीत "गेलं" लिहा. इथेही टाइमआउट आला तर पुन्हा पाठवण्याआधी त्या बिल नंबरचं व्हाउचर आहे का ते टॅलीलाच विचारा.

ज्वारी_भाकरी

जोडत नसेल तर कुठून बघायचं, ते एकदा लिहून ठेवतो. दुकानातल्या मुलांना छापून द्या.

"कनेक्शन रिफ्यूज्ड" लगेच आलं तर आनंद माना. तार ठीक, पत्त्यावरचं मशीन जिवंत, फक्त त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. सेवा चालू आहे का बघा, आणि ती १२७.०.०.१ वर ऐकते आहे का तेही बघा. तसं असेल तर ती फक्त त्याच मशीनशी बोलते, बाहेरून कोणीच पोचणार नाही. "टाइम्ड आउट" आलं तर पाकीट वाटेत गिळलं जातंय : फायरवॉल, चुकीचा आयपी किंवा बंद मशीन. विंडोजवर नेटवर्क "पब्लिक" धरलं गेलं असेल तर आत येणारं बरंच काही अडतं. राउटर बदलल्यावर हे हमखास होतं. "नाव सापडलं नाही" आलं तर डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा). सर्टिफिकेटची तक्रार आली तर आधी त्या पीसीचं घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सेल गेला की तारीख मागे जाते आणि सर्टिफिकेट "अजून सुरूच झालेलं नाही" ठरतं.

पोर्ट तपासायला पॉवरशेलमधली टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा पुरते. पिंग चालतं म्हणजे पोर्ट चालतो असं नाही, आणि पिंग चालत नाही म्हणजे मशीन बंद असंही नाही.

निळी_किनार

नवी आवृत्ती चढवताना आधी ऐकणारा, मग बोलणारा. म्हणजे ऑफिस आधी, दुकान नंतर. नवं फील्ड ऐच्छिकच ठेवा. अनोळखी फील्ड दिसलं तर सोडून द्या, अडू नका. जुन्या फील्डचा अर्थ कधीही बदलू नका. "रक्कम" रुपयांत होती आणि ती पैशात करायची असेल तर नवं नाव द्या. आणि लक्षात ठेवा, दुकानाच्या रांगेत जुन्या रचनेची बिलं पडून असू शकतात. ती पोचेपर्यंत ऑफिसने जुनी रचना घेतलीच पाहिजे.

चौकटी_टॉवेल

शेवटचं. लाइन दिवसभर बंद असली आणि दुकानात साठा नसलेली चादर विकली गेली तर? आणि रांगेतलं बिल दुसऱ्या दिवशी पोचलं तर तारीख कुठली?

तारजोड

तारीख बिलावर छापलेली, दुकानाने लावलेली. ऑफिसने "पोचल्याची वेळ" वेगळ्या कॉलममध्ये ठेवावी. वेळ +०५:३० लिहूनच पाठवा, म्हणजे सर्व्हर यूटीसीवर (भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असला तरी पहाटे साडेपाचच्या आधीची नोंद आदल्या तारखेला जाणार नाही. कर आणि भावही बिलातलाच. ऑफिसने पुन्हा हिशेब केला आणि मध्ये दर बदलला असेल तर ग्राहकाच्या हातातला कागद आणि वही जुळणार नाही.

साठ्याचं म्हणाल तर दोन्ही काउंटरना आपापला वाटा द्या. समजा एका नमुन्याच्या ४० चादरी दुकानात आहेत : काउंटर एकला २०, दोनला १५, पाच हातच्या. लाइन बंद असताना प्रत्येकाने आपल्या वाट्यातूनच विकायचं, लाइन आली की ऑफिस वाटे पुन्हा पाडेल. दोन्ही काउंटर एकाच स्विचवर आहेत, तेव्हा बाहेरची लाइन गेली तरी ते एकमेकांशी बोलू शकतात, त्यामुळे वाटा संपला तर शेजारच्याकडून मागायची सोयही करता येईल. पण त्या मागणीलाही खूण लावा, आणि देणाऱ्याने आपल्या वाट्यातून आधी वजा करून कमिट करावं, मग "घे" म्हणावं. उत्तर हरवलं तर मागणारा त्याच खुणेने पुन्हा मागेल. तोवर ती चादर कोणाच्याच वाट्यात दिसणार नाही, ते चालेल. दोघांच्या वाट्यात दिसली तर ती दोनदा विकली जाईल.

आणि दुकानातल्या स्विचला व राउटरला यूपीएसवर घ्या. पीसी यूपीएसवर आणि स्विच थेट भिंतीत, असं असेल तर वीज गेल्यावर हे सगळं बोलणं तिथेच थांबेल.